तातांचं परतीचं तिकीट मी काढलं नव्हतं

आमच्या घरात किस्से कोणी जपून ठेवत नाही. चार भाषा, दोन देवघरं, नमाजाची एक जानमाज आणि सगळ्यांत मिळून एकच मोरी असली की ते आपोआप साठतात, दारातल्या चपलांसारखे. कुठला कोणाचा, ते पुढे पुढे कळतही नाही!

मी दोन वर्षं स्कॉटलंडमध्ये शिकले. विषय होता माणसांचं स्थलांतर. तिथल्या थंडीत हीटरला चिकटून मी माझ्या आजोबांवर ऐंशी पानं लिहिली. आजोबांना आम्ही ताता म्हणतो, तामिळमधला शब्द. बहात्तरच्या दुष्काळात तिरुचेंगोडकडून बोअरची एक गाडी आष्टीला आली, तिच्यावर एकोणीस वर्षांचे ताता हेल्पर होते. तीन महिन्यांसाठी आले होते. पन्नासहून जास्त वर्षं झाली.

माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं. आष्टीच्या घराच्या पायरीवर बसलेला एक म्हातारा, नजर दक्षिणेकडे, डोळ्यांत कधी न बोललेली घराची ओढ. या माणसाला त्याच्या गावी परत न्यायचं, हे मी ठरवूनच आले होते. दौंडहून शनिवारच्या रेल्वेची दोन तिकिटं काढली. परतीची काढली नाहीत. मुद्दाम!

आष्टीच्या स्टँडवर उतरून घराच्या वळणावर आले तर ही गर्दी! बोअरची नवी कोरी गाडी उभी, तामिळनाडूचा नंबर. गाडीवरच्या पोरांनी बोअरमधून निघालेला सगळा चिखल-राडा शेजारच्या उभ्या ज्वारीत सोडला होता. आणि त्यांच्यासमोर लुंगी गुडघ्यावर दुमडून माझे ताता, अस्सल तामिळमध्ये शिव्या देत, मध्ये मध्ये 'बे' पेरत! शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी जमलेल्या लोकांसाठी मराठीत सांगितलं.

"हे असं हाय बघा! बाहेरून येत्यात, आन् आमची रीत शिकत न्हाईत!"

माझ्या ऐंशीतली निदान तीस पानं तिथंच वाहून गेली.

घरी गेल्यावर मी तिकिटं दाखवली. ताता म्हणाले, "बरं." एवढंच. आजी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. ती म्हणाली, "जाऊंद्या त्यास्नी. म्या काय येत न्हाई. तिथं ज्वारी मिळत न्हाई."

शनिवारला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत जो भेटला त्याने मला तातांचा एक किस्सा सांगितला. जणू माझ्या बॅगेत भरून द्यायचा होता.

*

कॉम्प्रेसरच्या आवाजाने तातांचा डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धा. मग ऐकायचं काम त्यांनी पायांना दिलं. जमिनीवर अनवाणी उभे राहिले की खाली काय चाललंय ते त्यांना कळतं, असं सगळी आष्टी म्हणते.

माझा यावर विश्वास नव्हता. सलीम मामांचाही नव्हता. सलीम मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, बीड रोडवर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात दुकानामागे कोणाचा तरी बोअर चालला होता. मामांनी तातांना दोनशे पावलं लांब, गाडीकडे पाठ करून उभं केलं आणि एक माणूस गाडीजवळ ठेवला, फोन हातात देऊन.

ताता डोळे मिटून सांगत गेले. "मुरूम संपला." फोनवरचा माणूस म्हणाला, "हो." "काळा दगड." "हो." बराच वेळ काहीच नाही. मग ताता म्हणाले, "लाल माती लागली. दोनशे दहा फूट."

फोनवरून आवाज आला, "लाल माती लागली, पण दोनशे बारावर!"

मामांनी उडीच मारली. "चुकले! अब्बा चुकले!"

तातांनी शांतपणे खाली बघितलं. "तुमच्या वहिनीनं मोजे घालायला लावलेत. टाचा फुटल्यात म्हनून."

*

ही मोजे घालायला लावणारी वहिनी म्हणजे माझी आई. ती कोट्टायमची, नर्स. बाबांशी लग्न करून आष्टीला आली तेव्हा तिला मराठी शून्य आणि आजीला मल्याळम शून्य. दोघींच्या मध्ये ताता, कारण त्यांच्या तामिळवर आईचं थोडंफार भागत होतं.

पहिल्याच आठवड्यात आजी कडाडली, "हिला साधं पीठ मळता येईना! काय शिकवलं गं हिच्या आईनं?"

आईने तातांकडे बघितलं. ताता तामिळमध्ये म्हणाले, "ती म्हणते, दवाखान्यातून थकून आलीस, बस जरा. पीठ मी मळते."

आईला भरून आलं. तिने उठून आजीचे पाय धरले. आजी गोंधळली! इतकं बोलून सून पाया पडते म्हणजे काय! ती तातांना म्हणाली, "हिला म्हणावं, उठ. नाटकं नको करूस." तातांनी सांगितलं, "म्हणते, तू माझ्या लेकीसारखी."

असं वर्षभर चाललं. आई रोज कृतज्ञतेने आजीच्या डोक्याला तेल लावायची, गुडघे चोळायची, दवाखान्यातून येताना तिच्यासाठी पेरू आणायची. आजीचे शब्द हळूहळू कमी झाले. मग बदलले.

मी आईला विचारलं, "तुला मराठी कळायला लागल्यावर काय झालं? भांडली नाहीस?"

"काय भांडणार?" आई म्हणाली. "मला कळायला लागलं तोवर ताता खरंच तेच सांगत होते, जे त्या बोलत होत्या!"

*

सलीम मामांनी आत्याला मागणी घातली तेव्हा घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. ताता-मामांची ओळख आधीची, बोअरचा हातोडा तुटला की मामाच जोडून द्यायचे. पण हातोडा वेगळा आणि मुलगी वेगळी.

आजीचे दोन भाऊ तिच्या माहेरहून, नांदूरघाटहून आले. ओसरीत बैठक बसली. थोरल्या भावाने आवाज चढवला. "आण्णा, तुमाला इथली जातपात ठावं न्हाई. आमाला लोक काय म्हणतील?" आष्टीत तातांना सगळे आण्णाच म्हणतात.

ताता म्हणाले, "मी नांदूरघाटला पहिल्यांदा आलतो, तवा मला कोणी जात विचारली का?"

थोरला भाऊ भडकला. "विचारली की! म्याच विचारली. तीनदा विचारली!"

"विचारली असशील," ताता म्हणाले. "पर मला मराठी येत नव्हती ना. म्हनून ऱ्हायलो."

मग धाकटा भाऊ आधी हसला. लग्नात मटण त्याच्याच शेतातल्या बोकडाचं होतं.

*

हा छोटासा. मी शाळेत असताना खानेसुमारीचे गुरुजी घरी आले. त्यांनी विचारलं, "मातृभाषा?"

ताता म्हणाले, "माझी तामिळ. हिची मराठी. सुनेची मल्याळम. जावई आत बसलेत, ते घरात दखनी बोलतात."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. आतून मोठा आवाज येत होता. शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. आईला त्या खोबऱ्यात हव्या होत्या, आजीला दाण्याच्या कुटात, मामांना गोश्तमध्ये.

गुरुजींनी कान दिला. "हे भांडण कोणत्या भाषेत चाललंय आण्णा?"

"मराठीत."

"मग मराठी लिहितो," गुरुजी म्हणाले आणि लिहून चहा पिऊन गेले.

*

दर रविवारी सकाळी ताता फोन स्पीकरवर ठेवतात आणि तिकडून अक्का बोलते. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. तातांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. अक्काने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. गावातल्या त्याच घरात ती अजून राहते, एकटी.

दोघं पावसाबद्दल बोलतात, मेलेल्यांबद्दल बोलतात, तिच्या म्हशीबद्दल बोलतात. शेवटी अक्का विचारते, "कधी येतोस?" आणि ताता सांगतात, "बोअर चालू आहे, संपला की येतो."

इतक्या वर्षांत ताता तिकडे मोजून चार वेळा गेले. आणि पुढे घेतलेली स्वतःची बोअरची गाडी तर त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच विकली!

एकदा ताता आंघोळीला गेलेले असताना मी माझ्या मोडक्या तामिळमध्ये अक्काला विचारलं, "गाडी विकली ते तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत नाही कसं? विकली त्या दिवशी मलाच फोन केला. रडला."

"मग ते अजून बोअर चालू आहे म्हणतात, तुम्ही काहीच कसं बोलत नाही?"

"अगं," अक्का म्हणाली, "मला विचारायला काहीतरी हवं. त्याला सांगायला काहीतरी हवं."

या वर्षी अक्का अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. शेजारीण येऊन करते तिचं. फोन अजून दर रविवारी होतो, पण पडल्यापासून अक्काने "कधी येतोस" हे विचारलेलं नाही. सलग तीन रविवार मी स्कॉटलंडहून त्या फोनवर व्हिडिओने जोडलेली होते. तिसऱ्या रविवारी अक्काने फोन ठेवल्यावरही ताता बराच वेळ फोनच्या काचेकडे बघत बसले. तेव्हा मी तिकिटं काढली.

*

आणि आता शुक्रवारचा.

दुपारी ताता केस कापायला बाजारात गेले. त्यांची पिशवी भरून दारात ठेवली होती. चार लुंग्या, औषधाचा डबा, अक्कासाठी आजीने घेतलेलं लुगडं. आई औषधांच्या वेळा कागदावर लिहीत होती. बाबा बीडहून सुट्टी काढून आले होते आणि उगीच फॅन पुसत होते. कोणी मला काही म्हणत नव्हतं. मला वाटत होतं, मी एक फार मोठी, फार चांगली गोष्ट करते आहे. 

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. "आण्णा चालले म्हनं?"

मी म्हटलं, "हो, उद्या. बसा ना, येतीलच."

"बसत न्हाई." त्यांनी गाठोडं उंबऱ्याजवळ ठेवलं, हात जोडले आणि वळून चालायला लागले. चहालाही थांबले नाहीत!

मी गाठोडं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, वर डब्यात पिठलं. आईने बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेली बाई ती, इथल्या सगळ्या रीती तिला पाठ. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून ठेवतात. कडू घास. आणणारा बसत नाही, चहा घेत नाही.

मी संतापले. "हे काय अभद्र! इथं कोण मेलंय?"

आजी पुढे आली. गाठोडं तिने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती! रडतही होती. मग तिथंच उंबऱ्यावर बसून तिने मला जे सांगितलं ते मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

दुष्काळाचं साल. नांदूरघाटला गावासाठी बोअर घ्यायचा होता. जागा आजीच्या वडिलांनी दिली, आपल्या परड्यात. ताता हेल्पर होते ती गाडी आली. दोनशे फूट गेले, नुसता फुफाटा. गाडी आवरून दुसऱ्या गावाला गेली. गावाने बोअर आजीच्या वडिलांच्या नशिबावर ढकलला. "ह्याची जागाच पांढऱ्या पायाची." त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

जाता जाता तातांनी ते बघितलं होतं, घरावर धूर नाही. आणि महिनाभरापूर्वी त्यांनी अजून एक बिनधुराचं घर बघितलं होतं, जिथं लोक भाकरी ठेवून हात जोडून जात होते. तिथं माणूस गेलं होतं, पण ते त्यांना कोण सांगणार, आणि कोणत्या भाषेत? त्यांना एवढंच समजलं, की इकडे ज्या घरावर धूर दिसत नाही तिथं भाकरी नेऊन ठेवायची असते.

"मग तिसऱ्या दिशी आलं की हे चालत!" आजी म्हणाली. "हातानं केलेल्या भाकरी घेऊन. दारात ठेवल्या, हात जोडून हुभे. माझा बाप काठी घेऊन धावला. 'आमच्या घरी कोन मेलंय बे?' ह्यास्नी काय कळतंय? हलंनात! हुभेच, हात जोडून. म्या गाठोडं सोडलं. काय त्या भाकरी! एकीला कडा न्हाई, एक निम्मी जळलेली, एक तर तिकोनी. मला असं हसू फुटलं, असं फुटलं! दोन दिसांत घरात कोणी तोंड उघडलं नव्हतं. मी हसले तशी आई हसली. बापानं काठी खाली ठिवली. आन् बसून त्याच भाकरी खाल्ल्या."

"मग?"

"मग पाच वर्सांनी लगीन." मधल्या पाच वर्षांचं आजी कधीच सांगत नाही.

"पण तातांना चूक कळली का कधी?"

"मराठी आली तवा कळली. म्हणाले, कौसा, चूक तर झाली. पर रीत चांगली हाय. तवापासून जिथं बोअर कोरडा गेला तिथं दुसऱ्या दिशी पिठलं-भाकरी. म्या करायची, ह्यांनी न्यायची. ठेवायची, हात जोडायचे, बसायचं न्हाई. तुझ्या बापालाबी ठावं न्हाई. सांगायची गोष्ट हाय का ती?"

बाबा फॅन पुसायचे थांबले होते.

तेवढ्यात मोटारसायकलवर दुसरा आला. मग तलवाड्याहून एसटीने दोघी जावा. मग एक जीप. सगळ्यांच्या हातात गाठोडी. ठेवायची, हात जोडायचे, निघायचं. एका तरुणाला मी अडवलंच. "तुमच्या बोअरला पाणी किती होतं हो?"

"पानी?" तो म्हणाला. "कोरडा गेलता. माझ्या बापाच्या वेळचा."

मी प्रत्येकाला विचारत सुटले. कोरडा. कोरडा. दीडशेवर सोडला. तीनशेला फुफाटा. पाणी लागलेल्यांपैकी एकही नाही! बातमी कोणी दिली ते उघड होतं. सलीम मामा गेटजवळ उभे होते आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

ऊन कलायला ताता आले, मानेवर अजून पावडर. ओसरीत गाठोड्यांची रास. ते थबकले. एकेका फडक्याकडे बघत गेले. कोणती गाठ कोणत्या गावची, ते त्यांना पायांनी दगड कळावा तसं कळत असावं.

"कोण मेलंय?" त्यांनी विचारलं.

आजी म्हणाली, "आजून कोणी न्हाई. उद्या दौंडला जायचं हाय."

तातांनी मोरीवर जाऊन हात धुतले, खाली मांडी घातली, पहिलं गाठोडं सोडलं, भाकरी मोडली. सावकाश खाल्ली. दुसरं सोडलं. मग माझ्याकडे बघून, अगदी अडचणीत सापडलेल्या माणसासारखं म्हणाले, "सेल्वी, एवढं सगळं संपवल्याबिगर कसं जायचं गं?"

शनिवारी सकाळी मी तातांचं तिकीट रद्द केलं. माझं राहू दिलं; अक्काचं वाट बघणंही कोरडंच गेलं होतं. कालच्यातल्या सहा भाकरी निवडून धुतलेल्या फडक्यात बांधल्या. पिठलं तिकडे जाऊन करीन.

आजी दारापर्यंत आली. म्हणाली, "अक्काच्या दारात ठेव. हात जोड. लगेच बसू नको."